तिसऱ्यांदा नापास

जन्मभर नेटवर्कच्या केबली जोडणारे बाबा उतारवयात डेटाबेसच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसले आणि तिसऱ्यांदा नापास झाले. शिकवायला कोण, तर त्याच विषयात हयात घालवलेली आई!

निकाल ऐकून ती करवादली, "अहो महाराज, नुसता बॅकअप घेऊन भागत नाही. त्यातून माहिती परत मिळते का, तेही बघायचं असतं, किती वेळा सांगू? उद्या वेळेवर या. पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

स्वयंपाकघरात मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला सगळी उत्तरं येत होती ना?"

"येत होती गं."

"मग?"

"नवरा म्हणून ती मला कधीच विसरली, बाळा. आता ओळखते ती फक्त तिचा विद्यार्थी म्हणून. पास झालो, तर उद्या तिच्यासमोर कोण म्हणून बसू?"