वादळाची वाट

घराच्या विम्याचा हप्ता निम्मा झाल्याचा निरोप आला, तेव्हा दमयंती मयेकरला आनंद झाला नाही. समुद्रावर चक्रीवादळ घोंगावत असताना कंपनी इतकी उदार कशी झाली? तिने एजंट शिरधनकरांना फोन लावला.

"वहिनी, मिळतंय ते घ्या की," ते म्हणाले. "आपल्या कंपनीची विमानं ढगांवर फवारणी करून वादळाची वाट वळवतात, माहीत आहे ना? तुमचं गाव सुरक्षित आहे."

"वळवून नेतात कुठे?"

"खोल समुद्रात. तिथेच विरतं ते." शिरधनकरांनी घाईने फोन ठेवला.

दमयंतीला ते पटेना. तिने चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, विचारलं.

"त्याच कंपनीने आमचा हप्ता तिप्पट केला गं," शैला म्हणाली. "कुणालाच परवडेना. अख्ख्या गावाने विमा बंद केला."

दमयंतीच्या लक्षात आलं. वादळ तिकडे वळवलं, तर त्या गावात आता कंपनीला कुणालाच भरपाई द्यावी लागणार नव्हती.

"शैला, सगळ्यांना घेऊन आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये. शेजाऱ्यांनाही सांग."

"अगं, आभाळ तर स्वच्छ आहे."

"तरी ये."

शैला आली. शेजाऱ्यांपैकी दोनच घरं आली, बाकीचे हसले. तिसऱ्या दिवशी वादळ शैलाच्याच गावावर आदळलं. गावातली सात माणसं गेली.

महिनाअखेरीस दमयंतीने हप्ता भरला. न भरून चालणार नव्हतं; विमा नसलेल्या गावावरच पुढचं वादळ वळलं असतं. पण शैला समोर बसली होती, आणि तिच्याकडे बघण्याचं दमयंतीचं धाडस झालं नाही.