महांतप्पाची माती

महांतप्पानं गाडी उभी केली ती थेट गुंडाप्पाच्या रानात आणि लेकीच्या, जगदेवीच्या हातात पाटी दिली. माती भरायची होती. गुंडाप्पाच्या रानातली, गुंडाप्पाच्या डोळ्यांदेखत.

याला चोरी म्हणावं, तर महांतप्पाच्या मते चोर गुंडाप्पा होता. तळ्याच्या उगवतीच्या काठाला महांतप्पाचं रान. पावसाळ्यात मावळतीचा वारा सुटला की लाटा त्याच काठावर आदळायच्या आणि दरसाल चार-पाच हात रान पोटात घालायच्या. ती माती काठाकाठानं सरकत जायची आणि काठ जिथं वळतो तिथं, गुंडाप्पाच्या रानाशी, निवांत बसायची. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की गुंडाप्पा तिच्यात खरबुजं लावायचा. वर महांतप्पाकडं एक धाडूनही द्यायचा. ते जास्त झोंबायचं.

काठ धरावा म्हणून महांतप्पानं बाभळीच्या काट्या टाकल्या, बेशरमाची झुडपं लावली. लाटांनी दोन्ही नेलं. तालुक्याला जाऊन साहेबाला सांगितलं, तर साहेब म्हणाला, आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, लाटांचं गाऱ्हाणं कोकणात घेऊन जा. तोवर निम्मं रान गेलं होतं. पाणी विहिरीच्या अगदी तोंडाशी आलं होतं. विहीर ढासळली की शेती संपलीच.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. तळं पार आटलं. गाव खडी फोडायला गेलं. एवढ्या गावात एकटा महांतप्पा खूश होता. पाणी गेलं आणि गुंडाप्पाच्या काठाला तांबड्या मातीची भली लांब जीभ उघडी पडली. त्या काळ्या शिवारात तांबडं रान एकाचंच होतं. आणखी पुरावा काय पाहिजे? आता दगड लावून काठ बांधायचा आणि आत आपली माती परत आणून भरायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

गुंडाप्पा आडवा येईल, मग कडाडून भांडू, अशी त्याची तयारी होती. पण गुंडाप्पा बाभळीखाली बसून नुसता हसला. वर म्हणाला, एकट्या पोरीनं किती पाट्या भरायच्या, आमचा रेवण रिकामाच आहे. त्याचा लेक रेवण खोरं घेऊन आला. चोराच्या पोरानंच माल परत भरावा, यात महांतप्पाला मोठा न्याय दिसला.

सुरुवातीला काम झपाट्यानं झालं. पुढं मात्र गाडी भरता भरेना. जगदेवीच्या पाट्या अर्ध्याच यायला लागल्या. रेवणच्या खोऱ्याचा दांडा घडीघडीला निखळायचा. महांतप्पा दोघांवर करवादायचा. पण एरवी उन्हाच्या नावानं डोकं धरणारी पोर आता दिवस उगवायच्या आत बैलं जुंपून तयार असायची. पोरीला मातीची माया लागली, असं तो कौतुकानं ज्याला त्याला सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि पुढं जाऊन हसायचे. धन्य तो बाप!

काठ बांधून झाला. विहीर दगडांच्या आड सुखरूप झाली. आता शेवटची गाडी.

"समदी खरवडून घे," महांतप्पा म्हणाला. "चिमूटभर ठिवू नगंस."

जगदेवीनं पाटी खाली ठेवली. "आप्पा, थोडी ऱ्हाऊ द्या हितं."

"का म्हून?"

"मला हितंच नांदायचंय."

रेवण खोऱ्याच्या दांड्याकडं बघत राहिला. दांडा चांगला घट्ट बसलेला होता. गुंडाप्पाचं हसणं थांबलं. तो बाभळीखालून उठून उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचा पटका सारखा केला.

महांतप्पानं लेकीकडं बघितलं. माती वर्षानुवर्षं न विचारता इकडं येत होती. पोरीनं निदान विचारलं तरी. त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. मग त्यानं बैलं सोडली, जू वर उचललं आणि भरलेली गाडी तिथंच उलटी केली. तांबडी माती भसाभस गुंडाप्पाच्या रानात सांडली.

"व्याही," तो हात झटकत म्हणाला, "ह्ये रुखवतात धरा."