द्वारकाबाईचं पान

"आत्या, झाडू ठेवा आधी खाली! धूळ उडती!"

अमरसिंह गाडीच्या बॉनेटवर ओणवा होऊन ओरडला. अंगण झाडणारी गौराबाई झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग ओट्यावर बसलेल्या आपल्या भावाकडं, बलभीमकडं तिनं पाहिलं.

आज द्वारकाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या नावाचं पान गोठ्याच्या पत्र्यावर ठेवून अर्धा तास उलटला होता. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालणार नव्हतं. नळदुर्गाकडचे पाहुणे सोप्यात भिंतीला टेकून लिंबाच्या झाडाकडं डोळे लावून बसले होते. आणि द्वारकाबाईचा एकुलता एक मुलगा नव्या गाडीला प्लास्टिक चिकटवत होता.

धूपाची गोवरी त्यानं सकाळीच घरामागं न्यायला लावली होती. राख उडती म्हणून.

"धाराशिवला फ्लॅटखाली जागा न्हाय, अण्णा," तो सांगत होता. "नि रजा आजचीच. हे एकदा बसलं की खडा लागू द्या न्हायतर काटा, रंगाला ओरखडा न्हाय. आणि लावलंय हे दिसत बी न्हाय."

"दिसत न्हाय, मग येवढी घाई कशाची?"

अमरसिंह हसला. बापाला काय कळतं, असं ते हसू होतं. बलभीमनं तीस वर्षं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक हाकला होता. ट्रकच्या अंगावर एक जागा धड नव्हती, आणि त्या ट्रकनं एकदाही त्याला वाटेत सोडलं नव्हतं. हा मात्र लेकराला तेल लावावं तसा बॉनेटवर शाम्पूचं पाणी शिंपडत होता, रबराच्या पट्टीनं ते प्लास्टिकखालून हलक्या हातानं बाहेर काढत होता. आई दवाखान्यात होती तेव्हा ह्या हातांनी तिच्या तोंडाला पाण्याचा थेंब लावला नव्हता. ऑफिसात साहेबांची तपासणी होती.

लिंबावरून कावळा उडाला. सोप्यातल्या माना एकदम वर झाल्या. कावळा पत्र्यावरून गेला, पानाकडं बघितलं न बघितलं केलं, आणि सरळ बॉनेटवर उतरला. चकचकीत काळ्या रंगात त्याला दुसरा कावळा दिसत होता. त्यानं मान वाकडी करून त्याला चोच मारली.

"हुश्श! हाऽड!" अमरसिंहनं हातातलं ओलं फडकं फेकून मारलं.

"आरं, कुणाला हाकललंस!" गौराबाईच्या हातातला झाडू गळाला.

"कावळ्याला, आत्या. नखं लागली असती की."

पाहुण्यांतल्या एकाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं.

कावळा पुन्हा लिंबावर जाऊन बसला आणि तिथून हलेना. गौराबाई पुढं आली. "तिचा जीव कशाततरी अडकलाय. अमर, तू बोल. तुझं ऐकंल ती."

प्लास्टिकखाली शेळीचा एक केस अडकला होता. तो काढायला अमरसिंहनं आणि त्याच्या बायकोनं, दीपमालानं, दोन बाजूंनी पुढची कड उचलून धरली होती. केसावरची नजर न काढता तो म्हणाला, "आई, सगळं बरं हाय. ये लवकर. पाहुणे खोळंबलेत."

शिपायाला फाईल आणायला सांगावं तसं.

दीपमालाची मान खाली गेली. बलभीम ओट्यावरून उठला नाही, पण त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले.

कावळा पुन्हा आला. ह्या वेळीही बॉनेटवरच. अमरसिंहचे हात गुंतलेले, म्हणून त्यानं नुसतं तोंडानं हाकललं आणि गाडीला गुडघा मारला. कावळा उडाला, पण लांब गेला नाही. गोठ्याच्या मेढीवर, लाकडी खांबाच्या टोकावर बसून खाली बघत राहिला.

तेव्हा बलभीम उठला. चालत गोठ्याजवळ गेला, टाचा उंचावून पत्र्यावरचं पान दोन्ही हातांनी खाली घेतलं.

"दादा, ठिवलेलं पान हलवत न्हाईत!" गौराबाई म्हणाली.

"ठिवलं तिथं ती येईना. येती तिथं ठिवतो."

त्यानं पान बॉनेटच्या मधोमध ठेवलं. कढीचा ओघळ नव्या प्लास्टिकवरून घसरत उचललेल्या कडेखाली गेला.

"अण्णा! आवो, वाळलं न्हाय अजून! वाया जाईल सगळं!"

"जाऊ दे."

"दुसरीकडं ठिवा की! छतावर ठिवा!"

"आवाज करू नगंस," बलभीम म्हणाला. ट्रकवर क्लीनरशी बोलायचा त्या आवाजात. मग एक पाऊल मागं सरला आणि टोपी काढून उभा राहिला.

मेढीवरून कावळा उतरला. ओल्या प्लास्टिकवर त्याचे पाय एकदा घसरले. त्यानं नखं रोवली, सावरला, खालच्या कावळ्याकडं पाहिलं आणि पानातला वडा उचलला.

"शिवलं!" गौराबाईच्या डोळ्यांना धार लागली. सोप्यातले पाहुणे उठून उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले. दीपमालानंही आपल्या बाजूची कड सोडली आणि हात जोडले. सुटलेलं प्लास्टिक दुमडून स्वतःलाच चिकटलं.

आपल्या बाजूची कड अमरसिंह दोन्ही हातांनी धरून होता.

"दीपमाला," तो दबक्या आवाजात म्हणाला, "धर की गं."