दाद

आमचे काका ऐंशीच्या दशकात एका रॉक बँडचे गायक होते. बँडची एकच कॅसेट निघाली आणि तिच्या निम्म्या प्रती अजून आमच्या माळ्यावर आहेत. "माझ्या वरच्या सुराला कुणी दाद म्हणून दिली नाही," हे त्यांचं तुणतुणं मी जन्मापासून ऐकतोय.

काल त्यांची दाढ काढायची होती. काकू आणि मी खुर्चीशेजारीच उभे होतो. भूल नीट चढायच्या आत डॉक्टरांनी पक्कड लावून हिसका दिला, आणि काकांनी असा काही सूर लावला की बाहेर बसलेले तीन पेशंट नंबर सोडून घरी गेले.

डॉक्टर मात्र जागीच थिजले. हातातली दाढ ट्रेमध्ये टाकून त्यांनी मास्क खाली ओढला.

"हा सूर... बी साइडचं शेवटचं गाणं! म्हणजे ते तुम्ही? अहो, कॉलेजात असताना तुमची कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ऐकलीये मी!"

काकांचे डोळे भरून आले. तोंडात कोंबलेल्या कापसातून ते कसेबसे काकूला म्हणाले, "अगं, दाद मिळाली!"

काकूला ऐकू आलं 'दाढ'. ती म्हणाली, "मिळाली काय अहो, निघाली!"

डॉक्टरांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. शेजारच्या दाढेला पक्कड लावत, डोळे मिटून ते म्हणाले,

"वन्स मोर!"