काळी टिकली

विंगेतल्या स्विचबोर्डापाशी हेमांगी थबकली. वीस बटणांवर कुणीतरी रंगीत टिकल्या चिकटवल्या होत्या. सोप्या डिझाइनने धंदा कसा वाढतो, यावर आज तिचं भाषण होतं. पण असलं डिझाइन तिने कुठे पाहिलं नव्हतं.

"सॉरी मॅडम, आमच्या झाडूवाल्या मावशींचा उद्योग," व्यवस्थापक ओशाळला आणि नखाने टिकल्या खरवडू लागला.

"मावशी, लाल कशाची?" हेमांगीने झाडू घेऊन बाजूला उभ्या असलेल्या मावशींना विचारलं.

"पंख्याची. हिरवी दिव्याची. बटणांवरची नावं कवाच पुसली की!"

"आणि काळी?"

मावशी सांगणार, तोच हेमांगीचं नाव पुकारलं गेलं.

"माणूस चुकला, तर दोष वस्तूचा," ती मंचावरून सांगू लागली. तेवढ्यात व्यवस्थापकाने दिवे मालवायला बटण दाबलं आणि माइकच बंद पडला. सभागृहात हशा पिकला. हेमांगी विंगेत आली. उघड्याबोडक्या बोर्डापुढे व्यवस्थापक घामाघूम झाला होता.

"काळी टिकली माइकचीच होती," मावशी पुटपुटल्या. "त्याला हात न्हाई लावायचा."

हेमांगीने स्वतःच्या कपाळावरची काळी टिकली काढून मावशींपुढे धरली.

"कुठे लावू, ते दाखवा."