जेवणाआधीची हाक

"उशीर केलास. आणि पुन्हा ओल्या केसांनी आलीस ना?"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर विंगसानचा पाय थबकला. आवाज निराळा होता, पण हेल आईचा. आईच्या गावाकडचा तोच लांबवलेला, जरासा रागावलेला हेल. आई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

दाराशी वार्सिनी उभी होती. आईला सांभाळायला ती जावाहून हाँगकाँगला आली तेव्हा तिला इथल्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. जे शिकली ते अंथरुणाला खिळलेल्या आईकडून, हेलासकट. गेल्या महिन्यात तिने बाबांशी लग्न केलं होतं.

"चल ताई," ती म्हणाली आणि ओशाळली. आता ताई म्हणायचं की नाही, ते कुणीच ठरवलं नव्हतं.

मशिदीच्या इमारतीतलं हे वरच्या मजल्यावरचं कँटीन रविवारी दुपारी नुसतं गजबजलेलं असतं. एका टेबलावर पाकिस्तानी कुटुंब, पलीकडे सुट्टी मिळालेल्या इंडोनेशियन पोरी, आणि जागेसाठी उभे असलेले बाकीचे सगळे. कोपऱ्यात बाबा बसले होते. केस काळे केले होते; कानामागे थोडा रंग पुसायचा राहिला होता.

"कोंबडीचे पाव मागवलेत," बाबा म्हणाले. "इथे डुकराचं मिळत नाही. सवय होते."

"आई जन्मभर सांगत होती, बंद करा. तेव्हा नाही झाली ती सवय."

"ती घरात सांगायची. मी बाहेर खायचो."

एरवी विंगसान हसली असती. काल फोनवर बाबा एवढंच म्हणाले होते, "जेवायच्या आधी वार्सिनीला एकदा हाक मार. नाही मारलीस तर ती गावी परत जाईन म्हणते. आणि ती जाईल, मी ओळखतो तिला."

त्यांच्या घरात धाकट्याने मोठ्यांना नात्याने हाक मारून जेवा म्हणायचं आणि मगच जेवणाच्या काड्या उचलायच्या. ज्याला हाक नाही, तो घरातला नाही.

इथे जेवणाआधी भांडी चहाने विसळून घेतात, तसा वार्सिनीने किटलीतला कढत चहा विंगसानच्या वाटीत ओतला, वाटी फिरवली, काड्या बुडवून काढल्या, चमचा विसळला. सगळं उजव्या हाताने. डावा हात मांडीवर पडलेला.

अर्धांगाचा झटका आल्यानंतर आई अशीच वाट्या विसळायची.

"डाव्या हाताला काय झालंय तुझ्या?"

"हाताला?" वार्सिनीने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. "काही नाही. त्यांनी असंच शिकवलं."



वाढणाऱ्या बाईने बांबूच्या करंड्या टेबलावर आदळल्या. झाकणं निघाली, वाफ वर गेली. कुणी हात लावला नाही.

"नुसते फोटो काढायचे असतील तर उभ्याने काढा!" जाता जाता ती ओरडली. "माणसं खोळंबलीत तिकडे!"

"बाबा, जेवा," विंगसान म्हणाली.

तेवढं सोपं होतं. बाबांनी काड्या उचलल्या आणि परत ठेवल्या. शेजारच्या काड्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"तुम्ही दोघं सुरू करा," वार्सिनी म्हणाली. "मला मागून खायची सवय आहे."

तेही खोटं नव्हतं. त्या घरात ती स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, सगळ्यांचं झाल्यावर जेवायची.

"कुणीच कधी हाक मारली नाही ना तुला?" विंगसान म्हणाली. टोमणा मारायचा होता की माफी मागायची होती, तिलाच कळलं नाही.

"मारली की. तुझ्या आईने."

"आईने?"

"शेवटी शेवटी. माणसं ओळखेनाशा झाल्या तेव्हा. मी चमचा पुढे केला की आधी म्हणायच्या, 'आई, जेव.' मला आई म्हणायच्या. मी एक घास खाऊन दाखवला की मगच तोंड उघडायच्या."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खळखळून हसलं. विंगसानने बाबांकडे पाहिलं.

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुला ती 'आपण कोण?' विचारायला लागली," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मग तुझं येणं कमी झालं. सांगायचं कुणाला?"

करंड्यांतली वाफ बसली होती. कोळंबीच्या मोदकांची पारदर्शक पारी आता चिकट दिसत होती. बाबांना भूक लागली होती. ते गिळत होते, पण काड्यांना शिवत नव्हते. वार्सिनी ताठ बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, निघायची वेळ झाल्यासारखी.

विंगसानने एक मोदक उचलला आणि टेबलावरून हात लांब करून वार्सिनीच्या वाटीत ठेवला. मग बोलायला तोंड उघडलं. शब्द येईना.

तिचं उघडं तोंड बघता बघता समोर वार्सिनीचेही ओठ विलग झाले, थोडेसेच. दुसऱ्याला घास भरवताना भरवणाऱ्याचे होतात तसे. तिच्या ते ध्यानातही नसावं.

"मावशी," विंगसान म्हणाली, "जेवा."

वार्सिनीने ओठ मिटले, आणि अजून काहीच खाल्लं नसताना एक घास गिळला.