बसल्याजागी निकाल

नात टोपली विणण्याच्या परीक्षेत पास झाली. ही बातमी तुम्ही ऐकलीच नाही, कारण निकाल लागलेलाच नाही. घराण्याची रीत अशी, की वस्तादानं टोपलीत ऐसपैस बसायचं. ती मोडली नाही, तर उभं राहून निकाल द्यायचा. नातीच्या सहा मोडल्या होत्या. सातवीही मोडली, तर वस्ताद आजोबा कारखान्याला कुलूप लावणार होते. शिकणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आज ते बसले. टोपलीनं हूं की चूं केलं नाही. आजोबा खुशीत उठायला गेले, तर टोपली सोडेना. "कापू का, आजोबा?" "खबरदार! सात पिढ्यांत एवढी घट्ट वीण जमली नाही." "मग बसूनच पास म्हणा ना!" "रीत खापरपणजोबांची, त्यांनाच विचार!" नातीनं तसबिरीपुढे अर्ज ठेवला: "माननीय खापरपणजोबा, वस्तादांना बसल्याजागी निकाल देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."